जुनी एअर रायफल घेताय? आधी रिसीव्हर बघा

गणपती गेले की पालकांचे फोन सुरू होतात. "ताई, मुलीसाठी दहा मीटरच्या स्पर्धेची जुनी मॅच रायफल मिळतेय, लाल दस्त्याची, अगदी नव्यासारखी. घेऊ का?" मी रत्नागिरीत मुलांना नेमबाजी शिकवते. माझं म्हणणं एवढंच की दस्त्याचा रंग राहू दे, हात आधी रिसीव्हरला लावा.

रिसीव्हर म्हणजे रायफलीच्या मधला धातूचा ठोकळा. नळी, चाप आणि मागची पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची चकती, या त्याच्याच भरवशावर असतात. या तिघांना जागचं हलू द्यायचं नाही, हेच त्याचं काम. त्याच्या पाठीवर 11 मिलिमीटरची पट्टी असते, दोन्ही कडांना खाच असलेली. पीप साइट तिला चिमट्यासारखी धरून बसते.

रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा, नळी टार्गेटकडेच ठेवा. साइटचा स्क्रू नेहमीइतकाच आवळा. मग एका हाताने साइट डावी-उजवीकडे ढकला आणि दुसऱ्या हाताचं नख साइट आणि पट्टीच्या सांध्यावर ठेवा. डोळ्याला न दिसणारी हालचाल नखाला कळते. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण पाऊण मीटर अंतर धरलं, तर मागची साइट 0.2 मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटरहून जास्त सरकतो. टार्गेटवर दोन कड्यांमधलं अंतर अडीचच मिलिमीटर आहे. म्हणजे मुलीचा नेम बरोबर, आणि दहाचा नऊ.

हे मी माझ्या एका विद्यार्थिनीचं नुकसान करून शिकले. तिच्या निळ्या, देखण्या रायफलीची पट्टी कडेला झिजली होती. ती बिचारी नेम जुळवायला रोज साइटचे क्लिक फिरवायची आणि मी तिलाच बोलायची, श्वास सोड, घाई करू नकोस. अख्खा हंगाम गेला. ती बोलणी आजही मला टोचतात.

बाकीचं पटकन होतं. चीकपीस (गाल टेकतो तो भाग) आणि बट प्लेट (खांद्याला लागते ती) सरकली पाहिजे आणि आवळल्यावर थांबली पाहिजे. खाऱ्या हवेत स्क्रू जाम होतात, म्हणून ॲलन की घेऊन जा आणि प्रत्येक स्क्रू समोर उघडून घ्या. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षांहून जुनं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे, पण बारा वर्षांच्या पोरीला तेवढी जड रायफल देऊ नका. तिची पाठ महत्त्वाची.

घरी आणल्यावर मृगापासून पाऊस ओसरेपर्यंत ती बंद पेटीत ठेवू नका. पेटीतला फोम ओल धरतो आणि नळी खालून गंजते, वरून काही कळत नाही. सराव झाला की घामाचे हात लागलेलं पोलाद तेलाच्या फडक्याने पुसा, चापाला मात्र तेल लावू नका, आणि रायफल कुलपाच्या कोरड्या कपाटात उभी ठेवा. कपाट बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला टेकलेलं नसावं. पावसात ती भिंत ओल सोडते.