गाण्यात दडलेलं पुस्तक कसं शोधायचं

रॉक गाण्यातला साहित्यिक संदर्भ शोधायचा असेल तर आधी त्याचे शब्द हाताने उतरवून घ्या. मी वहीत एकाआड एक ओळ मोकळी सोडून लिहिते. गिटारच्या गजरात जे शब्द वाहून जातात, त्यांच्यापाशी लिहिताना हात अडतो. अनोळखी विशेषनाम, मध्येच आलेला जुन्या वळणाचा शब्द, किंवा काहीच कारण न देता सांगितलेला एखादा नेमका तपशील. तिथे खूण करा.

मेटॅलिका या बँडचं १९८४ चं 'फॉर हूम द बेल टोल्स' घ्या. हे नाव अमेरिकी लेखक हेमिंग्वेच्या १९४० च्या कादंबरीचं, हे अनेकांना ठाऊक असतं आणि शोध तिथेच थांबतो. मीही कित्येक वर्षं ते नुसतं युद्धाचं गाणं म्हणून ऐकलं. शब्द उतरवताना मात्र टेकडीपाशी अडले. टेकडीच का? आणि मरणाऱ्याने आभाळाकडे का बघायचं? कादंबरीत, स्पेनच्या यादवी युद्धात, एल सोर्दो हा गनिमी टोळीचा म्होरक्या आणि त्याचे साथीदार एका टेकडीवर कोंडले जातात आणि शेवटी विमानं येऊन त्यांच्यावर बॉम्ब टाकतात. ते प्रकरण वाचून मी गाणं परत लावलं आणि आभाळाची ती ओळ येताच अंगावर काटा आला. म्हणून सांगते, शीर्षक जुळलं तरी पुढे जा, नेमका कोणता प्रसंग उचललाय ते हुडकून काढा. जमलं तर आणखी मागे जा. हेमिंग्वेने हे शब्द इंग्रज कवी जॉन डनच्या १६२४ च्या गद्यातून घेतले. तिथे मृत्यूची घंटा ऐकणाऱ्याला डन सांगतो, ती कुणासाठी वाजतेय हे विचारू नकोस, ती तुझ्यासाठीच आहे. मेटॅलिकाचं गाणं सुरू होतं तेच घंटेच्या ठोक्यांनी!

प्रसंग सापडला की विचारा, बोलतंय कोण? माझ्या मते सगळ्यात जास्त हाती लागतं ते याच प्रश्नातून. एमिली ब्रॉन्टेच्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये (१८४७) कॅथरीनचं भूत खिडकीशी येतं, पण ते सांगतो लॉकवुड, घरात मुक्कामाला आलेला परका माणूस. भीतीने तो तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो. गायिका केट बुशच्या १९७८ च्या याच नावाच्या गाण्यात मात्र कॅथी, म्हणजे कॅथरीन, स्वतःच गाते. प्रसंग तोच, पण आपण लॉकवुडच्या खोलीतून निघून खिडकीबाहेर, तिच्या थंडीत जाऊन उभे राहतो. तो विलक्षण उंच स्वर त्या थंडीतूनच येतो, असं मला वाटतं. केट बुशने आधी या कादंबरीच्या टीव्ही रूपांतराचा शेवट पाहिला होता, पुस्तक नंतर वाचलं. म्हणून गीतकारांच्या मुलाखतीही वाचा, वाट कुठून आली ते कळतं.

कधीकधी मात्र नावापलीकडे काही नसतं. लेड झेपेलिन या बँडच्या 'रॅम्बल ऑन'मध्ये (१९६९) टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला मॉर्डोर हा प्रदेश आणि गॉलम हे पात्र येतात, पण गाण्यात गॉलम मुलगी पळवून नेतो तो प्रसंग टॉल्किनच्या कथेत नाही. तिथे ओढूनताणून अर्थ लावू नका. गाणं भटकंतीचं आहे, ती नावं त्याला दूरदेशीचा रंग देतात, तेवढं पुरे.

खात्री झाली की मोकळ्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि प्रकरणाचा क्रमांक लिहा. माझ्या वहीत टेकडीखाली २७ आहे, खिडकीखाली ३.