चाचणीवर शोधनिबंध पाठवताय? अल्फा स्वतःचा काढा

बीड-लातूरकडच्या शाळांत तयार चाचणी वापरून निबंध लिहिणारे बरेच जण विश्वसनीयतेचा आकडा (अल्फा, म्हणजे चाचणीतले प्रश्न आपसांत किती जुळतात याचं माप) चाचणीच्या माहितीपुस्तिकेतून जसाच्या तसा उचलतात. परीक्षक तिथंच पकडतो, आणि बरोबरच आहे. क्रॉनबॅकनं १९५१ साली मांडलेला अल्फा त्या त्या गटाच्या गुणांचा असतो. तुमच्या मुलांचा तुम्हीच काढा. सोबत प्रश्न-विश्लेषणाचा, म्हणजे एकेक प्रश्न कसा चालला याचा, तक्ता जोडा. १०० मुलं असतील तर गुणानुक्रमे वरची २७ आणि खालची २७ घ्या. एखादा प्रश्न वरच्यांतल्या २० अन् खालच्यांतल्या ८ जणांना जमला, तर भेदनमूल्य (वरच्या अन् खालच्या मुलांत प्रश्न किती फरक करतो तो आकडा) १२ भागिले २७, म्हणजे ०.४४. प्रश्न चांगला. उणे आलं तर आधी उत्तरसूची तपासा. पुष्कळदा घोळ तिथंच निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा नियतकालिकाचं संपादक मंडळ आता आपणच तपासायचं.