टीबीच्या गोळ्या चालू आहेत पण फरक नाही? मग फुफ्फुसाच्या कॅन्सरचा तपास असा करा

आपल्याकडे बऱ्याचदा असं होतं की एक्सरेत डाग दिसला की टीबी म्हणायचं आणि गोळ्या चालू. डॉक्टरांचं पण फार चुकतं असं नाही, टीबीच इतका आहे आणि खोकला, बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त हे दोन्हीकडे सारखंच. पण त्यात महिने जातात आणि तिथेच गोची होते. म्हणून टीबी सांगितला की आधी पुरावा मागा, बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती निगेटिव्ह आहे, महिना-दीड महिना गोळ्या खाऊन वजन उतरतंच आहे, एक्सरे जसाच्या तसा आहे, तर छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करायला सांगा (गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका). आवाज बसलाय तो सुटत नाही, छातीतलं पाणी काढलं तरी परत भरतंय, असं असेल तर अजून घाई करा. आणि "आमच्या आईने कधी विडीला हात लावला नाही" यावर निर्धास्त राहू नका, न ओढणाऱ्यांनाही होतो.

सीटीत गाठ दिसली तरी नक्की काय ते तुकडा काढल्यावरच कळतं. आता इथे घरातले सगळे काका-मामा जमतात आणि सुई लावली की पसरतो म्हणून अडवून धरतात. त्यांना एवढंच सांगा की प्रकार कळल्याशिवाय औषधच ठरत नाही, आणि सुईने पसरण्याची शक्यता अगदी नगण्य असते, थांबल्याने मात्र तो नक्की वाढतो. गाठ कडेला असेल तर सीटीवर बघत बाहेरून सुई घालतात, श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीतून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगायचं. सुईनंतर कधी फुफ्फुसातून हवा गळते म्हणून काही तास झोपवून ठेवतात आणि परत एक्सरे काढतात, घरी आल्यावर अचानक दम लागला तर सकाळची वाट बघू नका.

एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. टीबीची शंका अजून असेल तर तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत, एक फॉर्मॅलिनमध्ये कॅन्सरसाठी आणि एक साध्या सलाईनमध्ये टीबीच्या कल्चरसाठी (जंतू उगवतात का ते बघायची टेस्ट), कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चरमध्ये काही उगवतच नाही. आत जायच्या आधी विचारून घ्या.

रिपोर्टमध्ये अॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलं तर लगेच केमोची तारीख घेऊ नका, त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, रॉस-१ आणि पीडीएल-१ (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या टेस्ट) होतंय का ते विचारा. आपल्याकडे अशा पेशंटमध्ये साधारण चारात एकाला ईजीएफआरमध्ये बदल निघतो आणि मग रोजच्या गोळीवर काम चालतं, त्यातल्या जेफिटिनिब नावाच्या गोळीची जेनेरिक तर स्वस्त मिळते (तिच्यासोबत अॅसिडिटीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, असर कमी होतो). दम फारच लागत असेल तर डॉक्टर या रिपोर्टसाठी थांबणार नाहीत, ते बरोबरच आहे. लॅबमधून मेणाचा ब्लॉक (त्यात तो तुकडा बसवलेला असतो) आणि स्लाइड्स मागून घ्या, परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात गेलात तरी तेच मागतात. आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय झाला की स्टेज कळते. लवकर सापडलं तर ऑपरेशन, ते झेपत नसेल तर नेमकं गाठीवर रेडिएशन. तिसऱ्या स्टेजला बहुतेक वेळा केमो आणि रेडिएशन सोबत. चौथीत गोळी, केमो किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध), जसा रिपोर्ट तसं. स्मॉल सेल हा दुसरा प्रकार निघाला तर गणित वेगळं, तो झपाट्याने वाढतो म्हणून केमो लगेच. विडी-सिगरेट आता सोडून काय उपयोग असं पेशंट म्हणतोच, पण उपयोग होतो.

पैशांचं म्हणाल तर राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात, पण मंजुरी उपचार चालू व्हायच्या आधी घ्यावी लागते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतीला बसलेला माणूस) गाठा. मुंबईत राहायचं असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

आणि दुखणं सहन करत बसवू नका कोणाला. मॉर्फिन म्हटलं की लोक घाबरतात, सवय लागेल म्हणतात, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये पेशंट निदान रात्री झोपतो तरी. फक्त त्याने पोट घट्ट होतं, तेव्हा पोट साफ व्हायचं औषध त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.