डबल डिलाइट पांढराच फुलतोय?

‘नर्सरीवाल्यानं फसवलं, फूल पांढरंच आलं,’ ही डबल डिलाइट या गुलाबाबद्दलची तक्रार मी पुण्यात दरवर्षी ऐकते. मी विचारते, कुंडी कुठे आहे? बहुतेकांची बाल्कनीत, पत्र्याखाली असते. मग पांढराच फुलणार! या गुलाबाच्या पाकळ्या उमलताना सायीच्या रंगाच्या असतात. उन्हातले अतिनील किरण लागतील तशी कडांकडून आत लाली चढत जाते. एकाच झाडावर कालचं फूल लालभडक आणि आजचं जेमतेम गुलाबी कडेचं, असं दिसलं की समजायचं जागा बरोबर आहे. रोज सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर दुसरा एखादा गुलाब लावा.

ही जात अमेरिकेतल्या स्विम आणि एलिस यांनी तयार केलेली, १९७७ साली बाजारात आलेली. वासही झकास. पण नाजूक आहे, हे नर्सरीत कुणी सांगत नाही.

कुंडी बारा-चौदा इंची घ्या. निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलम जोडलेली जागा, मातीच्या वर राहू द्या. गाठीच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केलंय त्या झाडाचा असतो. तो नुसता कापला तर पुन्हा येतो, म्हणून बुडातून ओढून काढा.

खरी कसोटी छाटणीची. पाऊस थांबला की, साधारण दसऱ्याच्या पुढे-मागे, कात्री हातात घ्या. वाळक्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या काड्या आधी काढा. उरलेल्या निम्म्यावर आणा. बाहेरच्या बाजूचा डोळा (जिथून नवा फुटवा येतो ती जागा) शोधून त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. कापलेल्या जागी गाभा तपकिरी दिसला तर थांबू नका, पांढराशुभ्र लागेपर्यंत खाली या; नाहीतर काडी शेंड्याकडून मरत येते. कापांना कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची दाटसर पेस्ट लावा. सहा-सात आठवड्यांत कळ्या दिसतील.

नेमकी तेव्हाच थंडी पडते आणि कोवळ्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी येते. डबल डिलाइटला ती हमखास गाठते. पानं आकसायला लागली की पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारा. टळटळीत उन्हात मात्र नको, पानं करपतात. पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. कुंड्या भिंतीला चिकटवून ठेवायची हौस असेल तर ती सोडा, वारा खेळू द्या.