किमती गिटार: वाजवायची की काचेआड ठेवायची? त्याआधी या चुका टाळा

हा वाद घालणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात: वाजवली की झिजते, ठेवली की टिकते. हे अर्धंच खरं आहे. वाजवून जे झिजतं ते बहुतेक सगळं बदलता येतं. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासले तर नवे बसतात, नट (मानेच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) झिजला तर दुसरा कोरता येतो, तारा तर बदलायच्याच असतात. पण नुसती ठेवून दिलेली गिटार दुर्लक्षामुळे तडकली, तिचा रंग उडाला किंवा पॉलिश स्टँडला चिकटून निघालं, तर ते पूर्ववत होत नाही. म्हणून माझा कल वाजवण्याकडे आहे. तरी काही गिटारींना मीही हात लावणार नाही.

सगळ्या गिटारींना एकच नियम लावणं

आधी बघा, पैसे नेमके कशाचे आहेत. काही गिटारींची किंमत त्यांच्या कोऱ्या अवस्थेची असते: मूळ फिनिश, कधीच न उघडलेले सोल्डरचे जोड, केसमध्ये (गिटारच्या पेटीत) जपलेली कागदपत्रं. तिथे पट्ट्याच्या बकलाचा एक ओरखडाही महागात पडतो. काहींची किंमत वाजवणाऱ्या हाताची असते. रॉक गायक कर्ट कोबेनची मार्टिन कंपनीची १९५९ची डी-१८ई गिटार २०२० साली ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. ते पैसे लाकडाचे नव्हते. कंट्री गायक विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’ नावाच्या गिटारला वाजवून वाजवून भोक पडलंय आणि ते कुणी बुजवायला जात नाही. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनची गिब्सन कंपनीची १९५९ची लेस पॉल गिटारवादक गॅरी मूरकडे गेली, पुढे मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आली, आणि तो ती बिनधास्त स्टेजवर नेतो.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो: गिटार जुनी आणि चांगली, पण कधीतरी पुन्हा रंगवलेली, पिकअप (तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग) बदललेली. संग्राहक मोजतो तो भाव तिच्यातून केव्हाच गेलाय. ती काचेआड ठेवणं म्हणजे निव्वळ भीती. वाजवा की!

भिंतीवर टांगली म्हणजे सुरक्षित, असं समजणं

१९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट (मध्ये पिवळ्या, कडेला लाल छटेच्या) लेस पॉल बघा. त्यांच्यातल्या बहुतेकींचा लाल रंग उजेडात टिकत नसे. दुकानाच्या खिडकीत किंवा भिंतीवर राहिलेल्या कित्येक गिटारी मधासारख्या पिवळ्या झाल्या. पिकगार्ड (ओरखडे अडवणारी पट्टी) काढलं तर खाली मात्र मूळचा लाल दिसतो. आज त्या फिकट छटांचेही चाहते आहेत, पण तुमच्या गिटारच्या फिकेपणाला तसा भाव मिळेल या भरवशावर राहू नका. अतिनील किरणं अडवणारी काच उपयोगी पडते, तरी साध्या उजेडानेही रंग हळूहळू उतरतोच.

स्टँड हा दुसरा छुपा शत्रू. नायट्रोसेल्युलोज लॅकरला (जुन्या गिटारींवरच्या पॉलिशला, थोडक्यात ‘नायट्रो’ला) काही प्रकारचं रबर आणि व्हिनाइल सोसत नाही. टेकलेल्या जागी पॉलिश मऊ पडतं, चिकट होतं, डाग धरतं. व्हिनाइलचा पट्टा गिटारवर गुंडाळून ठेवला तरी हाच प्रकार. स्टँड नायट्रो फिनिशला चालतो असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलं नसेल तर तो घेऊ नका. तोवर मध्ये जाड सुती कापड घालून वेळ निभावा. गिब्सनसारखं मागे झुकलेलं हेडस्टॉक (खुंट्या असलेलं डोकं) आणि महोगनीची नेक (मान) असेल, तर स्टँडवरून एकदा तोंडावर पडली तरी हेडस्टॉक मोडू शकतं. दुरुस्ती कितीही सुबक झाली तरी किंमत बऱ्याचदा निम्म्यावर येते.

लक्षण न वाचता पाना फिरवणं

खरी गडबड इथे होते, आणि वाजवणारे व न वाजवणारे दोघेही ती करतात. अस्सल लाकडाच्या अकूस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या) गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली लाकूड आकसतं, वर गेली की फुगतं.

नेकच्या कडेवरून बोट फिरवताना फ्रेटची टोकं टोचू लागली, तर फ्रेट वाढलेले नाहीत, फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) सुकलाय. लगेच कानस घेऊ नका. केसमध्ये ओलावा देणारं साधन ठेवून दोनेक आठवडे थांबा, टोकं आपोआप आत जातात का पाहा. राहिलीच तर मग घासा. ब्रिजजवळ (खालच्या टोकाला तारा अडकतात त्या पट्टीजवळ) वरची फळी आत बसली, तारा खाली आल्या, झणझण ऐकू येते: हाही कोरडेपणाच. उलट ब्रिजच्या मागे पोट फुगलं आणि तारा उंच गेल्या, तर ओलावा जास्त झालाय. पट्टी आडवी ठेवून बघायची सवय लावा, पण थोडी फुगवटी बहुतेक फ्लॅट-टॉप (सपाट फळीच्या) गिटारींना मुळातच असते हे लक्षात ठेवा. लोक ऐन दमट दिवसांत सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून तारा खाली आणतात. मग हवा कोरडी झाली की त्याच तारा फ्रेटवर आपटतात आणि नवं सॅडल करावं लागतं.

हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर) आंधळा विश्वास नको. एका झाकणात मीठ घेऊन त्याचा पाण्याने ओलसर लगदा करा, मीटरसोबत हवाबंद पिशवीत ठेवा. आठ-दहा तासांनी आकडा ७५च्या आसपास हवा; जितका फरक दिसेल तितकी वजाबाकी-बेरीज पुढे मनात करायची.

तडा दिसला तर त्यावर पॉलिश किंवा तेल चोळू नका. ते भेगेत मुरतं आणि नंतर सरस धरत नाही. बाहेर थंडी असेल आणि गिटार उबदार खोलीत आणली असेल, तर केस तासभर तरी बंदच असू द्या, नाहीतर लॅकरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात.

‘सुधारणा’ करणं

नव्या खुंट्यांसाठी नवी भोकं पाडू नका. रंग ताजा करून घेऊ नका. जे बदलाल त्याचा मूळ भाग पिशवीत नाव घालून जपा. गिटार दुसऱ्याच्या हातात देताना ती कोणती आहे हे स्पष्ट सांगा: मार्टिनच्या संग्रहालयाने दिलेली १८७०च्या दशकातली गिटार चित्रीकरणात नकली समजून आपटली गेली, आणि मग संग्रहालयाने चित्रपटांना गिटार देणंच थांबवलं.

केस लावून विसरून जाणं

महिन्यातून एकदा केस उघडा, दहा मिनिटं वाजवा. आवाजाचं बटण फिरवताना अडखळत असेल, खरखर येत असेल, तर पॉट (त्या बटणाखालचा, आवाज कमीजास्त करणारा भाग) बहुधा वापराविना गंजलाय. आधी तो पूर्ण मागेपुढे फिरवा, मग संपर्क साफ करणारा स्प्रे. प्रीअँप (आतलं आवाज वाढवणारं सर्किट) असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी काढूनच ठेवा, ती पाझरली की आतलं सगळं खाते.

जुन्या आर्चटॉपवर (कमानदार फळीच्या गिटारवर) सेल्युलॉइडचं (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचं) पिकगार्ड किंवा खुंट्यांची बटणं असतील तर वास घेऊन बघा. कापरासारखा किंवा आंबूस दर्प, चिकटपणा, जवळच्या धातूवर हिरवट थर दिसला तर तो भाग विघटित होतोय आणि त्याच्या वाफा शेजारच्या भागांनाही खातात. कारागिराकडून तो काढून घ्या, कोणत्या गिटारचा ते लिहा आणि आगीपासून दूर, हवा खेळेल अशा जागी वेगळा ठेवा. सेल्युलॉइड झपकन पेट घेतं, म्हणून बंद डब्यात कोंबायचं नाही.