मुंबईच्या सहलीत लहान मुलासह रात्रीचे नाटक : तयारीची यादी

मुंबईच्या तीन-चार दिवसांच्या सहलीत पाच वर्षांच्या मुलाला घेऊन रात्रीचे नाटक पाहायचे असेल, तर तिकिटाच्याही आधी त्या दिवसाची दुपार मोकळी राखून ठेवावी. सकाळी राणीची बाग हिंडून आलेले मूल दुपारी दीड-दोन तास झोपणार असेल, तरच रात्री आठ-साडेआठच्या प्रयोगाचा विचार करावा. एरवी शनिवार-रविवारी चारच्या सुमारास होणारा प्रयोग केव्हाही बरा. मात्र रविवारी निघण्यापूर्वी लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणे) कोणत्या मार्गावर आहे, ते पाहून घ्यावे. एका सहलीत एकच नाटक ठरवावे.

वयाची अट आहे का आणि मुलाचे वेगळे तिकीट लागते का, हे आगाऊ विचारावे. जुहूचे पृथ्वी थिएटर मनात असेल, तर तेथे आसनक्रमांक नसतात, त्यामुळे रांगेत लवकर उभे राहावे लागते, आणि उशिरा येणाऱ्यांना आत सोडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय सुमारे दोनशे आसनांच्या त्या नाट्यगृहात मुलाची कुजबुजही नटाच्या कानावर जाते. पहिल्या अनुभवासाठी दादरचे शिवाजी मंदिर किंवा माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर अधिक सोयीचे. प्लॅनवर जागा निवडताना पुढच्या रांगेचा मोह टाळून दाराजवळच्या, कडेच्या खुर्च्या घ्याव्यात. एक जाड शाल जवळ असू द्यावी. घडी करून मुलाच्या खाली ठेवली की समोरच्या डोक्यावरून रंगमंच दिसतो, आणि वातानुकूलन बोचू लागले की तीच अंगावर घेता येते.

मुलाचे जेवण सातच्या आत उरकावे. मध्यंतरातल्या बटाटेवड्याचे आश्वासन द्यायला हरकत नाही, पण त्या दहा-पंधरा मिनिटांतच स्वच्छतागृहाचीही रांग असते, म्हणून एकाने वड्याकडे आणि दुसऱ्याने मुलाकडे पाहावे. पहिली घंटा होण्यापूर्वीही एकदा मुलाला नेऊन आणावे. तीन घंटा होतात, तिसरीनंतर अंधार होतो आणि मग बोलायचे नसते, हे घरीच खेळ म्हणून शिकवावे, आमच्याकडे ते राहून गेले आणि पहिल्याच अंधारात, “आई, लाइट गेले का गं?” हा प्रश्न सबंध प्रेक्षागृहाने ऐकला.

मूल रडू लागल्यास कोणी उठायचे, हे आधीच वाटून घ्यावे: पहिल्या अंकात बाबा, दुसऱ्यात आई. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून साधारण अडीच तास चालते, म्हणजे साडेआठचा प्रयोग सुटेपर्यंत अकरा वाजतात. तेव्हा झोपलेले मूल खांद्यावर घेऊन स्टेशनचा पूल चढण्यापेक्षा टॅक्सीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत आणि मुलाचे बूट मध्यंतरातच काढून पिशवीत टाकावेत.