प्राचीन संस्कृतींचं साहित्य शिकायला घेताय? आधी हे वाचा

‘जागतिक संस्कृती’ हा विषय घेतला की पहिल्या आठवड्यातच नावांचा मारा सुरू होतो. सुमेर, अक्कड, बॅबिलोन, इजिप्तची राजघराणी, शांग, मायसीनी, माया. बहुतेक जण घाबरून सनावळ्या पाठ करायला बसतात आणि सत्र संपेपर्यंत त्यातच अडकतात. मी हा विषय शिकलो आणि आता नव्यानं घेणाऱ्यांना अधूनमधून मदत करतो. त्यांना मी एकच सवय लावायला सांगतो. कोणताही प्राचीन मजकूर समोर आला की ‘यात काय लिहिलंय’ हे नंतर, आधी ‘हा आपल्यापर्यंत पोचला कसा’ हे विचारा.

गिल्गमेशचंच बघा, म्हणजे मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) गिल्गमेश राजावरचं महाकाव्य; अभ्यासक्रमात ते असतंच. आपण वाचतो त्या काव्याचा मोठा भाग असिरियाची राजधानी निनवे इथल्या असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातून आला. इ.स.पू. 612 मध्ये शत्रूनं निनवे जाळलं. मेण लावलेल्या लाकडी फळ्यांवर लिहिलेलं सगळं गेलं, पण मातीच्या पाट्या टिकल्या. आगीची झळ लागून त्यातल्या काही तर आणखी पक्क्या झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या उत्खननात निघाल्या आणि 1872 मध्ये जॉर्ज स्मिथला ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांतल्या एका पाटीवर जलप्रलयाची गोष्ट सापडली.

म्हणूनच भाषांतरात जागोजागी चौकोनी कंस आणि टिंबं दिसतात. पाटी तिथे फुटलेली असते. कंसातला मजकूर बहुधा अभ्यासकानं इतर प्रतींच्या आणि संदर्भाच्या आधारे भरलेला असतो. निबंधात नेमकी तीच ओळ उचलून तिच्यावर मोठा निष्कर्ष उभारला, तर शिक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार. पुस्तक कोणत्या साली निघालं तेही बघून घ्या. 2011 मध्ये इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयानं घेतलेल्या एका पाटीमुळे देवदारांच्या जंगलाच्या प्रसंगात सुमारे वीस ओळींची भर पडली. त्यात पक्ष्यांचा कलकलाट आहे, माकडांचा आरडाओरडा आहे. जुन्या भाषांतरात ते जंगल बरंच गप्प आहे.

पण मला या विषयात खरी गोडी लागली ती विद्यार्थ्यांच्या वह्यांमुळे. वह्या म्हणजे अर्थात मातीच्या. सुमेरी साहित्य आज वाचता येतं ते मोठ्या प्रमाणावर शिकाऊ मुलांनी गिरवलेल्या प्रतींमुळे. निप्पूर या सुमेरी शहरात एका घरात अशा पाट्यांचा मोठा साठा निघाला. बऱ्याचशा जुन्या पाट्या तिथे बांधकामात भराव म्हणून वापरल्या होत्या. काही पाट्या तळहातावर मावतील अशा गोल असतात. एका बाजूला गुरुजींचं वळणदार अक्षर, दुसऱ्या बाजूला मुलाची खटपट. एका सुमेरी रचनेत तर शाळेत दिवसभर या ना त्या कारणानं मार खाणारा मुलगा बापाला सांगून गुरुजींना घरी बोलावतो. त्यांना जेवू घालतात, नवं वस्त्र देतात, बोटात अंगठी घालतात आणि गुरुजी एकदम त्याचं कौतुक करू लागतात! चार हजार वर्षांपूर्वीची ही वशिलेबाजी वर्गात वाचली की झोपलेला माणूसही जागा होतो.

इजिप्तमध्येही तेच. तिथल्या एका मजकुरात खेती नावाचा बाप मुलाला लेखनिकांच्या शाळेत सोडायला निघालाय आणि वाटेत बाकीच्या धंद्यांची यथेच्छ निंदा करतोय. धातुकाम करणाऱ्याची बोटं मगरीच्या कातड्यासारखी, त्याच्या अंगाला माशाच्या अंड्यांहून वाईट वास. धोबी कपडे धुतो तो मगरीच्या शेजारी. या मजकुराच्या बहुतेक प्रती शाळकरी मुलांनी उतरवलेल्या आहेत आणि त्यात चुकांचा सुकाळ आहे. आता ‘इजिप्तमधले लोक कष्टाच्या कामाला तुच्छ मानत’ असं सरळ लिहून टाकण्याआधी थांबा. हे कोणी, कोणाला गिरवायला दिलं होतं? लेखनिकांनी, होऊ घातलेल्या लेखनिकांना. धोब्याचं म्हणणं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

तुलनात्मक प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि त्यात जलप्रलय तर ठरलेलाच. बहुतेक उत्तरपत्रिकांत साम्यांची यादी असते: नौका, पाणी, वाचलेला एक माणूस. फरकांकडे वळा, उत्तर तिथे उभं राहतं. अत्रहासिसच्या बॅबिलोनी काव्यात माणसांच्या गोंगाटानं देवाची झोपमोड होते म्हणून पूर येतो. बायबलच्या उत्पत्तीत माणसांच्या दुष्टपणामुळे. शतपथ ब्राह्मणात मासा मनूला सावध करतो, पण पूर कोणाच्या रागानं आला हे सांगितलेलंच नाही. एवढ्या तीन वाक्यांवर चांगलं पानभर लिहिता येतं.

कायद्यांचंही तसंच. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी म्हटलं की ‘डोळ्याला डोळा’ एवढंच लिहून मोकळं होणारे फार. कलमं प्रत्यक्ष वाचा. प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा जातो, पण सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना (तेव्हाचं वजनाचं माप) चांदीवर भागतं आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम.

सनांबद्दल थोडक्यात. इ.स.पू. मध्ये आकडे उलटे उतरतात, त्यामुळे इ.स.पू. सातवं शतक म्हणजे 700 ते 601. भिंतीवर एक लांब पट्टी लावा आणि वाचाल तो मजकूर तिच्यावर मांडत जा. पाठांतराची गरज आपोआप कमी होते. राजांच्या याद्या मी कधीच पाठ केल्या नाहीत, आणि काही अडलं नाही.

प्रत्येक लिपीतून महाकाव्य निघेल अशी आशाही धरू नका. मायकेल व्हेंट्रिसनं 1952 मध्ये लिनियर बी ही मायसीनी ग्रीकांची लिपी उलगडली तेव्हा हाती लागले मेंढ्या, तेल आणि रथाच्या चाकांचे हिशेब. निराश व्हायचं कारण नाही. राजवाडा चालायचा कसा हे अशा नोंदींइतकं कोणतंच काव्य सांगत नाही.

सुरुवात कुठून करावी हे सगळेच विचारतात. माझ्या मते जाड ग्रंथापासून नकोच. इ.स.पू. 1750 च्या सुमारास नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं एआ-नासिर या व्यापाऱ्याला लिहिलेलं तक्रारपत्र वाचा: तांबं हलक्या प्रतीचं दिलंस, माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलंस. पाच मिनिटांत संपतं. मग सिनुहेची इजिप्तची गोष्ट, तीही एका बैठकीत होते. त्यानंतर गिल्गमेश, आणि तोही प्रस्तावना बाजूला ठेवून आधी मूळ काव्य, मग प्रस्तावना. होमर सुट्टीसाठी ठेवा. सत्राच्या धावपळीत त्याला न्याय देता येत नाही.